वाघाटी : उसाच्या फडातली शेजारीण

(तृतीय वर्ष, कला)

वार्षिकासाठी काही तरी लिहून दे, असे मराठीच्या सरांनी सांगितले तेव्हा मी म्हणालो, "सर, वाघाटीवर लिहितो." सर हसले आणि म्हणाले, "अरे, आपल्या अंकात पाककृतींचा विभाग नाही." सरांचा यात काही दोष नाही. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना ज्या घरांत वाघाट्यांची भाजी होते, त्या घरांतल्या कोणालाही वाघाटी म्हटल्यावर ती काटेरी वेल आणि तिची हिरवी गोल फळेच आठवणार. आमच्या आजीला मी हाच प्रश्न विचारला होता. तिनेही पहिल्यांदा भाजी कशी करायची तेच सांगितले आणि मग जरा थांबून म्हणाली, "आणि एक वाघाटी असती रातची फिरणारी. मांजरागत असती. पर ती मांजर न्हाई."

या लेखाचा विषय ती आजीची दुसरी वाघाटी आहे. मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी नाही. भूगोल हा माझा विषय. त्यामुळे शास्त्रीय परिभाषेत कुठे चूक झाली तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे. मात्र आमचे गाव जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या कालव्याखाली आहे, आणि हे जनावर मी पुस्तकात वाचण्याआधी आमच्याच उसात पाहिले आहे. ते कसे पाहिले ते पुढे येईलच. त्यात अभिमान वाटावा असे फारसे काही नाही.

आधी नावाचा घोळ मिटवला पाहिजे. मराठीत वाघाटी हे नाव दोन वेगवेगळ्या जंगली मांजरांना लावतात. त्यांतले एक मांजर आकाराने थोडे मोठे, पिवळसर अंगावर ठळक काळे ठिपके असलेले. त्याला कोणी बिबटमांजर असेही म्हणतात. दुसरे त्याहून लहान, करड्या अंगावर तांबूस, गंजाच्या रंगाचे ठिपके असलेले. आमच्याकडे जिला वाघाटी म्हणतात ती ही दुसरी, आणि मी लिहितो आहे तीही हीच. याशिवाय 'रानमांजर' हा शब्द तर आपण वाटेल त्याला वापरतो. खरे रानमांजर, म्हणजे जुन्या लोकांचा बाऊल, हा उंच पायांचा, अंगावर ठिपके नसलेला, कानाच्या टोकाला केसांची बारीक शेंडी असलेला आणि शेपटीच्या टोकाकडे काळी वलये असलेला प्राणी आहे. तो उसात, गवतात, ओढ्याकाठी दिवसाढवळ्याही दिसतो. वाघाटी तशी दिसत नाही. म्हणून बहुतेक गावकऱ्यांनी बाऊल पाहिलेला असतो आणि वाघाटी फक्त ऐकलेली असते.

शास्त्रात या मांजराचे नाव प्रायोनायलुरस रुबिजिनोसस असे आहे. रुबिजिनोसस म्हणजे गंजलेला, गंजाच्या रंगाचा. हे नाव इझिदोर जॉफ्रुआ सेंत-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये दिले, आणि ज्या नमुन्यावरून दिले तो पाँडिचेरीहून गेलेला होता. म्हणजे प्राणी आपला, नमुना आपल्या किनाऱ्यावरचा आणि बारसे मात्र पॅरिसमध्ये. लोकांनी दिलेली नावे मला यापेक्षा बोलकी वाटतात. सिंहली भाषेत तिला कोलदिविया म्हणतात. दिविया म्हणजे बिबट्या. संस्कृतातला 'द्वीपी' हाच तो शब्द. आपण तिच्या नावात वाघ घातला, सिंहली लोकांनी बिबट्या घातला. दीड किलोच्या जनावराला दोन्हीकडच्या माणसांनी मोठ्यांच्या पंक्तीला बसवले, ते उगाच नव्हे.

होय, दीड किलो. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचे वजन साधारण ९०० ग्रॅम ते १.६ किलो इतकेच भरते. किराणा दुकानात दीड किलो साखर पुडीत बांधून घेतली आणि हातात तोलून पाहिली, तर जेवढा भार लागेल तेवढी ही संपूर्ण शिकारी बाई. घरचे चांगले पोसलेले मांजर तिच्या दुप्पट-तिप्पट भरते. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी ३५ ते ४८ सेंटिमीटर आणि शेपटी १५ ते ३० सेंटिमीटर. जगात मांजराच्या कुळातील सुमारे ४० जाती आहेत. त्यांत सर्वांत लहान कोण, असा वाद निघाला की दोनच नावे पुढे येतात: आफ्रिकेच्या दक्षिण भागातले काळ्या पायांचे मांजर आणि आपली वाघाटी. एका पट्टेरी वाघाच्या वजनात शंभराहून जास्त वाघाट्या बसतील.

अंगावरची लव आखूड आणि मऊ असते. रंग करडा, त्यावर पाठीवर आणि कुशीवर तांबूस ठिपके ओळींनी मांडलेले. जुन्या पत्र्यावर पावसाचे थेंब पडून गंज धरावा, तसे ते दिसतात. पोट पांढरे असते आणि त्यावर मोठे गडद ठिपके असतात. तोंडाकडे पाहिले की ओळख पक्की होते: डोळ्यांच्या वरून कपाळावर चार गडद रेषा निघतात आणि त्यांतल्या दोन मानेपर्यंत जातात; गालांवरही गडद पट्टे असतात. कान लहान, गोलसर. डोळे तोंडाच्या मानाने मोठे. पायांचे तळवे काळसर. शेपटी जाड, अंगाच्या सुमारे निम्म्या लांबीची, आणि तिच्यावर ठळक ठिपके जवळजवळ नसतातच. शेपटीची ही खूण लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्यावर बरेच काही अवलंबून आहे.

आता प्रदेश. हे मांजर भारत, श्रीलंका आणि नेपाळ या तीन देशांबाहेर जंगलात कुठेही नाही. मला स्वतःला या प्राण्याच्या शरीररचनेपेक्षा त्याचा नकाशा अधिक रंजक वाटतो, कारण तो नकाशा गेल्या पन्नास वर्षांत सारखा बदलत आला आहे. जुन्या ग्रंथांवरून असे वाटे की हे दक्षिणेकडचे मांजर. तामिळनाडू, आंध्र आणि फार तर मध्य भारत. पुढे १९७८ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते जम्मू-काश्मीर राज्यात सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि नकाशा एकदम उत्तरेला सरकला. गुजरातेत गीरच्या जंगलात ते आढळले. मग स्वयंचलित कॅमेरे आले. जनावर समोरून गेले की आपोआप फोटो निघतो, अशी ही पेटी वाघ मोजण्यासाठी झाडाला बांधतात. तिच्या फोटोंत वाघांच्या जोडीने हे चिमुकले प्राणीही येऊ लागले. २०१२ मध्ये उत्तर प्रदेशात पिलिभीतला आणि नेपाळात बर्दियाला, २०१४-१५ मध्ये हरयाणातील कलेसरला त्याची छायाचित्रे मिळाली. आपल्या महाराष्ट्रात विदर्भात नागझिऱ्याला, आणि मुंबईच्या पोटातल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातसुद्धा ते आहे.

आता या नव्या नोंदींच्या ठिकाणी वाघाटी नव्याने राहायला गेली असे कोणी समजू नये. ती तिथे होतीच. आपण रात्री तिथे डोळे लावून बसलो नव्हतो, एवढेच. भूगोलाच्या तासाला आम्हाला प्राण्यांच्या वितरणाचे नकाशे रंगवून दाखवावे लागतात. तेव्हापासून मी असा नकाशा पाहिला की पहिला प्रश्न विचारतो: हा नकाशा करणारे कुठे कुठे हिंडले होते? वाघाटीच्या बाबतीत ते बहुधा राखीव जंगलात हिंडले. शेतात कोणी गेलेच नाही.

अपवाद आहेत. १९व्या शतकात मद्रासच्या सैन्यात टी. सी. जर्डन नावाचे एक इंग्रज डॉक्टर होते. भारतातल्या सस्तन प्राण्यांवर त्यांनी १८६७ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या मांजराबद्दल त्यांनी लिहून ठेवले आहे की ते कोरड्या तळ्यांतल्या गवतात, झुडपांत, कधी कधी गावाजवळच्या नाल्या-गटारांतसुद्धा राहते, आणि दाट जंगलातले ते नव्हेच असे लोक सांगतात. दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने गावात विचारपूस करून हे लिहिले आणि पुढच्यांनी ते मांजर जंगलात शोधले, याची मला गंमत वाटते. जर्डनसाहेबांनी १८४६ मध्ये एक पिल्लू पाळलेही होते. ते फार माणसाळले होते आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याचे कौतुक वाटे. पिल्लू आठेक महिन्यांचे झाले तेव्हा साहेबांनी चिंकाऱ्याचे एक पाडस त्या खोलीत सोडून पाहिले. पिल्लाने पाडसाला पाहताक्षणी झेप घातली, मानगूट पकडली आणि मोठ्या मुश्किलीने त्याला सोडवावे लागले. स्वतःच्या कितीतरी पट मोठ्या जनावरावर! साहेबांची ही परीक्षा घेण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही, पण नावात वाघ का आला याचे उत्तर त्यात मिळते.

वाघाटीला काय मानवते? भारतात तरी तिला कोरडा प्रदेश आवडतो असे दिसते. पानगळीची जंगले, काटेरी झुडपांची माळराने, गवत, खडकाळ टेकड्या ही तिची वस्ती. सदाहरित घनदाट जंगलात ती इथे जवळजवळ आढळत नाही. याउलट श्रीलंकेत ती डोंगरावरच्या ओल्या जंगलात, हॉर्टन प्लेन्सच्या बाजूला २००० मीटरहून अधिक उंचीवरही सापडली आहे. तिथल्या वाघाटीचा रंगही करड्यापेक्षा तांबूसपणाकडे झुकणारा असतो. पोकॉक यांनी १९३९ मध्ये तिची वेगळी उपजात मानून तिला फिलिप्सी हे नाव दिले. एकच प्राणी समुद्राच्या अलीकडे कोरडे पसंत करतो आणि पलीकडे ओले, याचे कारण काय? जुन्या अभ्यासकांनी त्याचा एक उलगडा मांडला होता. भारतात ओल्या जंगलांत बिबटमांजर आहे, म्हणून वाघाटीला तिथे जागा नाही. श्रीलंकेत बिबटमांजर नाहीच. उलट तिथल्या कोरड्या भागात बाऊल आहे. म्हणून वाघाटीने ओले जंगल धरले. भाऊबंदकीत ज्याच्या वाट्याला जी जमीन आली ती त्याने कसली, तसेच हे. स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, पण पुरते नाही. श्रीलंकेच्या कोरड्या सखल भागातही वाघाटी सापडते. तिथली तिची आणखी एक उपजात १९५६ मध्ये देरणियगल यांनी नोंदवली. आणि आमच्या शिवारात तर बाऊल आणि वाघाटी एकाच बांधावरून जातात. दोघांचेही पोट उंदरांवर चालते आणि उंदीर दोघांना पुरून उरतात.

इथे आमच्या तालुक्याचा भूगोल थोडा सांगायला हवा. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले आणि जिथे बाजरी आणि हुलगे होत होते तिथे ऊस उभा राहिला. उसाचे पीक बारा ते अठरा महिने रानात उभे असते. त्यात बाराही महिने सावली, ओलावा, आडोसा आणि मुबलक उंदीर. जंगली जनावराला यापेक्षा आणखी काय पाहिजे? बिबट्या उसात राहू लागला, त्याची पिल्ले उसात जन्मू लागली, हे आता वर्तमानपत्रांमुळे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्याच उसात, त्याच पाचटात, त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी लहान असलेली ही शेजारीणही संसार करते, हे फारसे कोणी सांगत नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीच्या मुलखात बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय यांनी २०१० मध्ये एका छोट्या टिपणात नेमका हा मुद्दा मांडला: आपण समजतो त्यापेक्षा हे मांजर अधिक ठिकाणी, अधिक संख्येने असावे काय? मला वाटते, आमच्या गावच्या ऊसतोड कामगारांना विचारले असते तर त्यांनी 'होय' म्हणून सांगितले असते. फक्त त्यांनी तिला वाघाटी म्हटले नसते; बिबट्याचे पिल्लू म्हटले असते.

मी अकरावीत होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारीत आमच्या दोन एकरांची तोडणी चालू होती. टोळी बीडकडची. दहाच्या सुमाराला एका सरीत पाचट उचलताना एक बाई ओरडली, "बिबट्याची पिल्लं!" क्षणात फड रिकामा झाला. बायका पोरे घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढल्या, गडी हातात कोयते घेऊन गोल उभे राहिले. घाबरण्यासारखेच होते. आसपासच्या गावांत बिबट्याने माणसांवर हल्ले केलेले आहेत आणि पिल्ले दिसली म्हणजे मादी जवळच असणार, हे कोणीही सांगेल. पाचटात दोन जीव होते. ठिपक्यांचे, तळहाताएवढे, डोळे नुकते उघडलेले. तासाभरात निम्मे गाव गोळा झाले. पिल्ले या हातातून त्या हातात गेली, फोटो निघाले. मादी काही आली नाही, तेव्हा भीती कमी झाली आणि गर्दी वाढली. "मारून टाका, मोठी झाली की आपल्यालाच खातील," असे एक-दोघे बोलूही लागले. मी ती दोन्ही पिल्ले बुटांच्या खोक्यात घातली आणि घरी आणली. मला वाटले, मी त्यांना वाचवले.

कापसाच्या वातीने मी त्यांना गाईचे दूध पाजले. एक त्याच रात्री गेले. दुसऱ्याला हगवण लागली. ते तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. गाईचे दूध अशा पिल्लांना सोसत नाही, ऊब नसेल तर दूध पचतही नाही, हे मला पुढे कळले. मधल्या रात्री मी शेजारच्या गव्हाला पाणी धरायला गेलो होतो. तोडलेल्या फडाच्या बांधावर बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले, खाली जमिनीलगत, आणि विझले. बाऊल असेल असे समजून मी पुढे गेलो. ती त्यांची आई होती, हे आज मी जवळजवळ खात्रीने सांगू शकतो. त्या वेळी एक पिल्लू अजून जिवंत होते आणि घर तिथून दोनशे पावलांवर होते.

ती पिल्ले बिबट्याची नव्हती हेही मला नंतरच समजले. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. वनविभागाबरोबर वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था २००७ पासून तिथे काम पाहते. तिथल्या एका कार्यकर्त्याला मी माझ्या मोबाइलमधला फोटो दाखवला. ते म्हणाले, "ही वाघाटी. शेपूट बघ." तेव्हापासून मी हा फरक गावात दिसेल त्याला सांगत सुटलो आहे, वाचकांनाही सांगतो, कारण त्यांतले निम्मे माझ्यासारखेच खेड्यातून एस.टी.ने येणारे आहेत.

बिबट्याचे पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास असते आणि महिन्याभरात घरच्या मांजराएवढे दिसू लागते. त्याचे पाय जाड, पंजा अंगाच्या मानाने मोठा, लव लोकरीसारखी दाट. शेपटी लांब आणि टोकापर्यंत ठिपक्यांची. कपाळावर ठिपके असतात, रेषा नसतात. वाघाटीचे पिल्लू जन्मतः अवघे ६० ते ७७ ग्रॅमचे, म्हणजे मोठ्या लिंबाएवढे, असते. त्याच्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. गंजाचा रंग नंतर चढतो. घोटाळा होतो तो या काळ्या ठिपक्यांमुळेच. परंतु कपाळावरच्या उभ्या रेषा तेव्हाही दिसतात आणि शेपटी आखूड, ठिपक्यांवाचून असते. डोळे उघडलेले पिल्लू जर तळहातात मावत असेल तर ते बिबट्याचे नाही, असे बेलाशक समजावे. तरीही हात लावू नये. ते बिबट्याचे असेल तर आपल्या जिवासाठी आणि वाघाटीचे असेल तर त्याच्या जिवासाठी.

वाघाटीच्या संसाराविषयी जी माहिती आहे ती बरीचशी प्राणिसंग्रहालयांतली आहे. गर्भकाळ सुमारे ६५ ते ७० दिवसांचा, एका वेळी एक ते तीन पिल्ले, बहुधा एक किंवा दोनच. म्हणजे दोन पिल्ले गेली की त्या मादीचे त्या वेताचे सगळेच गेले. बंदिवासात ती पुष्कळ जगते. फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयात एक वाघाटी १८ वर्षे जगली होती. रानात ती किती जगत असेल, देव जाणे. खाण्यात मुख्यतः उंदीर आणि पाखरे. शिवाय सरडे, बेडूक, किडे. झाडावर ती सराईतपणे चढते. दिवसा झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत किंवा दाट झुडपात पडून राहते. दक्षिणेत पडक्या, ओस घरांच्या माळ्यावरही तिने पिल्ले घातलेली आढळली आहेत. माणसाचे तिला वावडे नाही. माणसाच्या गडबडीचे आहे.

तिला धोके कोणते, तर आमच्या गावापुरते मी पाहिलेले सांगतो. मोकाट कुत्री. रात्रीच्या गाड्या, कालव्याच्या कडेचा रस्ता डांबरी झाल्यापासून तिच्या अंगावरून चाके जाऊ लागली. पाचट पेटवणे. आणि ओळखीतली चूक, जी माझ्या हातून झाली. याशिवाय गावमांजरांशी तिचा संकर होत असावा अशी शंका अभ्यासकांनी व्यक्त केली आहे. कायद्याने तिला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या शेजारी, जागा दिली आहे. जागतिक लाल यादीत २००२ मध्ये तिला 'असुरक्षित' ठरवले होते. २०१६ मध्ये ती एक पायरी खाली, 'संकटाच्या जवळ' या गटात आली. ती वाढली म्हणून नव्हे. पूर्वी वाटत होती त्यापेक्षा अधिक ठिकाणी सापडली म्हणून. यावर आनंद मानावा की नाही हे मला नीट ठरवता येत नाही. कुठे कुठे आहे हे आता कळले, पण किती आहे हे मोजणे फार अवघड आहे. वाघांचे पट्टे पाहून वाघ मोजतात. या ठिपक्यांवरून मोजणी करायची तर फोटो तेवढा जवळून आणि स्वच्छ मिळाला पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात चुलत्यांच्या फडात पुन्हा तसेच घडले. या वेळी ज्या मावशींना पिल्ले दिसली त्यांनी ओरडा न करता पाचट परत झाकले आणि मुलाकरवी मला निरोप धाडला, कारण चार वर्षांत माझे नाव गावात 'मांजरवाला' असे पडले आहे. मी गेलो, वाकून शेपट्या पाहिल्या आणि वनरक्षकांना फोन केला. मग खरी अडचण सुरू झाली. मी म्हणालो, एवढ्या सहा सऱ्या आज ठेवा. मुकादम म्हणाले, "दादा, आमचं पोट टनावर आहे. गाडी भरली न्हाई तर खाडा कुणाच्या अंगावर?" त्यांचे म्हणणे रास्त होते. त्या माणसांना पहाटे तीनला उठून कोयता हातात घ्यावा लागतो. दीड किलोच्या मांजरासाठी त्यांनी आपली मजुरी का बुडवावी? शेवटी चुलत्यांनीच तोड काढली. फडाचे दुसरे टोक उघडून दिले आणि सहा सऱ्या उद्या आमच्याच घरचे तोडतील असे सांगितले. मुकादमांनी मान हलवली. खुशीने हलवली असे मी म्हणणार नाही.

दुपारी वनरक्षक आणि केंद्रातले डॉक्टर आले. पिल्ले तपासली, दोन्ही धडधाकट, साधारण तीन आठवड्यांची. दिवस मावळताना एका क्रेटमध्ये पाचट अंथरून ती जिथे सापडली नेमक्या त्याच जागी ठेवली, शेजारी खुंटाला कॅमेरा बांधला आणि सगळ्यांना लांब नेले. जागा तीच असणे महत्त्वाचे, असे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितले. आई पिल्लांना शेवटच्या ठिकाणीच शोधत येते. मी रात्रभर ओट्यावर होतो. कुत्री बांधून ठेवायला सांगितली होती, तरी लांबून एक भुंकत होते.

सकाळी कॅमेरा उघडला. रात्री नऊला आठ मिनिटे कमी असताना ती आली होती. पहिल्या चित्रात फक्त क्रेटच्या कडेवर ठेवलेला एक पाय. दुसऱ्यात तोंड, कपाळावरच्या चारही रेषा स्वच्छ. तिसऱ्यात मानगुटीला धरलेले पिल्लू. सव्वानऊनंतर ती पुन्हा आली आणि दुसरे घेऊन गेली. त्यानंतर पहाटेपर्यंत एकही चित्र नाही. पाच वाजता एक घूस तेवढी क्रेट हुंगून गेली. मी मोबाइलवर ती चित्रे टोळीला नेऊन दाखवली. मावशी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढूशी हाय की रं ती. आन् किती लांब न्हेलं आसंल?" तेवढे मात्र कॅमेऱ्यात आलेले नव्हते.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, जागा, पीक कोणते, जिवंत की मेलेली, आणि पाहणाऱ्याने शेपूट पाहिली की नाही, असे सहा रकाने आखले आहेत. माझ्या एकट्याच्या गावापुरती ती वही फार तोकडी पडते. आपल्या महाविद्यालयात ओतूर, आळेफाटा, नारायणगाव, बेल्हे अशा चारही बाजूंनी विद्यार्थी येतात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या घरी ऊस आहे. भूगोल विभागाच्या सरांनी ही वही विभागाच्या कपाटात ठेवायला परवानगी दिली आहे. यंदाच्या तोडणीत ज्याला काही दिसेल त्याने सहाही रकाने भरावेत. सहावा रकाना रिकामा सोडला तरी चालेल, पण खोटा भरू नये.